बरणीच्या गळ्यावरची रेघ

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात, निदान माळ्यावर तरी, एक चिनी मातीची बरणी असेल. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरट, गळ्याशी दोरा बांधायला खाच. आमच्या नायगावच्या घरात अशा तीन होत्या. मोठीत कैरीचं लोणचं, मधलीत मीठ आणि धाकटीत आमसुलं. मे महिन्यात आई त्या धुऊन उन्हात ठेवायची आणि आम्हा मुलांना 'हात लावू नका' म्हणून बजावायची. मी अर्थातच हात लावायची. तपकिरी रंग संपतो आणि पांढरा सुरू होतो तिथे एक रेघ असे, बोटाला किंचित उंच लागणारी. तिचा रंग ना तपकिरी ना पांढरा. उन्हात धरली तर मधासारखा दिसे. आईचं म्हणणं, 'तिथे रंग सांडलाय, दुसरं काय!'

पुढे तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर घराच्या मागच्या पडवीत विजेची एक लहान भट्टी बसवून मातीची भांडी भाजायला लागले. तेव्हा कळलं, की ती रेघ म्हणजे या साऱ्या कलेतली सगळ्यात अवघड जागा आहे. तिच्याविषयीच आज बोलायचं आहे.

आधी बरणीचं मूळ सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमध्ये असल्या जाड, दगडासारख्या भांड्यांवर मिठाची झिलई करत. भट्टी पूर्ण तापली की तिच्यात मीठ फेकायचं. मिठातला सोडा मातीतल्या वाळूशी संयोग पावून काचेचा थर बनतो. १८३५च्या सुमारास ब्रिस्टल शहरातल्या विल्यम पॉवेल या कारखानदाराने निराळी युक्ती काढली. भांडं एका बाजूने फिक्या ग्लेझमध्ये बुडवायचं, उलटं करून दुसऱ्या बाजूने लोखंडाचा अंश असलेल्या तपकिरी ग्लेझमध्ये बुडवायचं आणि दोन्ही एकाच भाजणीत पक्कं करायचं. या ग्लेझला शिसं लागत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. लोणचं, व्हिनेगर, दारू, आम्ल, काहीही ठेवा. तीच दुरंगी बरणी पुढे आपल्याकडे आली आणि इतकी आपली झाली, की तिला कुणी विलायती म्हणणार नाही. तमिळनाडूतलं राणीपेट, उत्तरेतलं खुर्जा, सौराष्ट्रातलं थानगड इथे ती बनू लागली. सौराष्ट्रातल्या या धंद्यात परशुराम पॉटरी हे मोठं नाव, आणि ते नाव परशुराम गणपुले या मराठी गृहस्थांचं. आपल्या आज्यांनी ज्या बरण्यांत मोरावळे घातले, त्यांतल्या कितीतरी तिथून आलेल्या असणार.

आता भट्टीकडे वळते. घरात भट्टी ठेवणं हे काही सोपं प्रकरण नाही. विजेचा दाब वाढवून घ्यावा लागला, भिंतीपासून हातभर जागा सोडावी लागली, आणि धूर-वाफा बाहेर जाव्यात म्हणून पडवीची एक बाजू उघडी ठेवावी लागली. इमारतीतल्या वहिनी पहिले काही महिने जिन्यातून डोकावून विचारायच्या, 'आज काय शिजतंय?' बारा तास तापायला आणि जवळजवळ दीड दिवस निवायला लागणारा तो स्वयंपाक होता. निवण्याआधी झाकण उघडायचा मोह होतो. होऊ देऊ नये. ५७३ अंश सेल्सियसला मातीतल्या गारेचे स्फटिक आपली रचना बदलतात, आकारमान एकदम कमी-जास्त होतं. त्या सुमाराला गार हवा लागली तर भांडं टणकन तडकतं. माझी पहिली सहा तशीच गेली.

भांडं दोनदा भाजतात. पहिली कच्ची भाजणी, तिला बिस्किट म्हणतात. मग त्यावर ग्लेझ चढवायचं. ग्लेझ म्हणजे दुसरं काही नाही, दळलेली गारगोटी, फेल्स्पार, खडू, चायना क्ले, थोडा टाकणखार असं पाण्यात कालवलेलं मिश्रण. भट्टीत ते वितळतं आणि निवल्यावर काच होते. तांब्याचा ऑक्साइड घातला तर हिरवं, कोबाल्टचा घातला तर निळं, लोखंडाचा घातला तर पिवळ्यापासून काळ्यापर्यंत काहीही. आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या मालमसाल्यावर बेतलेल्या कृती हव्या असतील तर निर्मला पटवर्धन यांचं 'हँडबुक फॉर पॉटर्स' हे १९८४ सालचं पुस्तक आहे. माझी प्रत आता मातीच्या बोटांनी लाल झाली आहे.

एक ग्लेझ जमलं की माणसाला एकावर एक दोन थर द्यायची बुद्धी होते. मलाही झाली. कारण ती रेघ डोक्यात होती. आणि इथे रसायनशास्त्र गमतीदार होतं. गार एकटी वितळायला सतराशे अंशांच्या वर उष्णता लागते. ॲल्युमिना वितळायला दोन हजारांच्या वर, चुना वितळायला अडीच हजारांच्याही वर. पण ही तिन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर ११७० अंशांच्या आसपासच पाणी पाणी होतात! उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या पॉटमध्ये आपण बर्फावर मीठ घालतो ना, तोच न्याय. मीठ पडलं की बर्फ शून्याखाली असूनही वितळतो. दोन ग्लेझं एकावर एक आली, की हद्दीवर दोघांचं मिश्रण होतं आणि ते दोघांपेक्षाही लवकर वितळू शकतं. म्हणूनच खालचा थर घट्ट आणि वरचा पातळ असा जोड निवडला तर सुंदर ओघळ उतरतात, आणि अंदाज चुकला तर सगळं ओघळून भट्टीच्या फरशीला चिकटतं. फरशीवर ॲल्युमिना आणि चायना क्लेचा हात दिलेला असला तर छिन्नीने सुटतं. नसला तर फरशीही जाते आणि भांडंही.

म्हणून आधी चाचणीच्या चकत्या करायच्या. मी इंग्रजी एल अक्षरासारख्या उभ्या राहणाऱ्या चकत्या करते, कारण आडव्या चकतीवर ओघळ दिसतच नाही. प्रत्येकीच्या पाठीवर लोखंडी ऑक्साइडने आकडा लिहायचा आणि वहीत त्या आकड्यापुढे खाली कोणतं ग्लेझ, वर कोणतं, किती सेकंद बुडवलं, भट्टीत कुठल्या कप्प्यात होतं ते लिहायचं. अमुक ग्लेझचा अमुक थर, त्यावर तमुक, मग उलट क्रमाने. क्रम बदलला की निकाल बदलतो. लोखंडाच्या ग्लेझवर पांढरं दिलं तर ठिपकेच ठिपके. पांढऱ्यावर लोखंडाचं दिलं तर नुसता चिखल.

हे वेड माझं एकटीचं नाही, याचा इतिहास वाचून दिलासा मिळतो. सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या बर्नार पॅलिसीला एक पांढऱ्या झिलईचा पेला दिसला आणि तो त्याच्या मागे लागला. वर्षानुवर्षं प्रयोग केले, सरपण संपलं तेव्हा घरातली मेजं आणि जमिनीच्या फळ्या भट्टीत घातल्या. बायको काय म्हणाली असेल ते तुम्ही ताडा. इंग्लंडच्या जोसाया वेजवुडने हजारो चाचण्या करून त्यांची आकडेवार नोंद ठेवली, आणि भट्टीची उष्णता मोजायला १७८२ साली मातीचे ठोकळे वापरून एक मापक केला. तोवर अनुभवी कारागीर छिद्रातून ज्वाळेचा रंगच पाहत. आणि विल्यम डी मॉर्गन नावाच्या कलावंताने १८७२ साली लंडनच्या राहत्या घरात भट्टी पेटवली, तर छप्परच पेटलं. माझ्या वहिनींना मी ही गोष्ट सांगितलेली नाही.

त्याच १८७२च्या मे महिन्यात आपल्या मुंबईत भायखळ्याला एक संग्रहालय उघडलं. तेव्हाचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५पासूनचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. नायगावहून हिंदमाताला यावं, बस पकडावी आणि परळ, लालबाग, चिंचपोकळी असं सरळ राणीच्या बागेपाशी उतरावं. दुरुस्तीनंतर २००८ साली ते पुन्हा उघडलं तेव्हा मी गेले. एका काचेच्या कपाटापुढे पाऊण तास उभी राहिले. रखवालदाराने दोनदा 'बाई, बरं वाटत नाही का' म्हणून विचारलं. समोर बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची भांडी होती. हिरवी, तपकिरी, मधाळ पिवळी. आणि तो मधाळ पिवळा म्हणजे आईच्या बरणीवरच्या रेघेचा सख्खा भाऊ.

ही भांडी कशी झाली ते सांगण्यासारखं आहे. सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. तिथे १८६५ साली लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. रुडयार्डचे वडील. ते स्वतः इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या बर्स्लेम गावी कुंभारकामाच्या कारखान्यात उमेदवारी केलेले. मुलाचं नावही तिथल्याच एका तळ्यावरून ठेवलेलं. त्यांच्यासोबत आलेले जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आणि भित्तिचित्रांच्या नकला करू लागले. पण शाळेत भट्टीचं खरं वेड जॉर्ज टेरी या गृहस्थांना. १८७०च्या दशकात त्यांनी शाळेत कुंभारकाम सुरू केलं आणि त्यासाठी सिंधमधून कारागीर आणले.

सिंधच का? तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, १९३६पर्यंत होता. आणि आपल्या इकडच्या कुंभारांकडे चाक होतं, माती होती, भट्टी होती, पण झिलई नव्हती. आपली मडकी, पणत्या, माठ सगळी बिनझिलईची. माठाला तर झिलई नकोच, पाणी पाझरलं नाही तर गार कसं होणार? सिंधमध्ये हाला आणि ठट्टा इथे मशिदी-मकबऱ्यांच्या फरशांवर झिलई चढवण्याची विद्या पिढ्यानपिढ्या होती. तिची रीत तीन थरांची. तांबड्या मातीच्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप, म्हणजे अस्तर. त्यावर नक्षी. नक्षीसाठी कागदाला सुईने भोकं पाडायची आणि कोळशाची पूड झटकायची. आपल्याकडे रांगोळीचे छाप असतात तसंच. त्या ठिपक्यांवरून तांबं, कोबाल्ट, मँगनीज यांच्या रंगांनी चित्र काढायचं. आणि सगळ्यात वर पारदर्शक काच, मुर्दाडशिंग म्हणजे शिशाची भस्मं आणि वाळू मिळून केलेली.

त्या तीन थरांवर टेरींच्या शाळेत अजिंठ्याच्या आकृत्या आणि पुराणातली दृश्यं चढली. सिंधी झिलईखाली अजिंठा! शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही, मला मात्र भारी आवडतं. जॉर्ज बर्डवुड, ज्यांनी भाऊ दाजींच्या बरोबरीने संग्रहालयासाठी खटपट केली, त्यांनी १८८०च्या आपल्या हिंदुस्थानी कारागिरीवरच्या पुस्तकात टेरींच्या या उद्योगाची दखल घेतली आहे. टेरींनी पुढे 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावाने काम चालवलं. लंडनच्या संग्रहालयातही ही भांडी आहेत. भांड्याच्या बुडाशी शाळेचं नाव असतं. सिंधहून आलेल्या त्या माणसांचं नसतं. चाक कोणी फिरवलं, मुर्दाडशिंग कोणी दळलं, हे बुडाशी लिहायची तेव्हा पद्धत नव्हती.

हे काम नंतर मंदावलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल बर्न्स प्राचार्य असताना पुन्हा हाती घेतलं गेलं. त्यासाठीच्या प्रयोगशाळेला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचं नाव दिलं. लोकमान्यांना १९०८ साली मंडालेला धाडलं गेलं तेव्हाचे गव्हर्नर ते हेच. एकाच माणसाच्या कारकिर्दीत काय काय बसतं पाहा.

आता त्या सुंदर पिवळ्या-हिरव्याची दुसरी बाजू. शिशाची झिलई कमी उष्णतेला वितळते, आरशासारखी चमकते, रंग खुलवते. पण आंबट पदार्थात शिसं उतरतं आणि ते हळूहळू माणसाचं रक्त आणि मेंदू बिघडवतं. त्याहून वाईट म्हणजे ते दळणाऱ्या-बुडवणाऱ्या कारागिराच्या अंगात आधी जातं. इंग्लंडच्या कुंभारगावांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिशाच्या विषबाधेवरून मोठा गदारोळ झाला आणि १९४७ साली तिथे कच्च्या शिशाच्या ग्लेझवर बंदी आली. त्यातही एक बारकावा असा, की शिशाच्या झिलईत तांबं घातलं तर शिसं जास्तच सुटतं. म्हणजे ती मोहक हिरवी झिलई खाण्याच्या भांड्यावर सर्वांत वाईट. सिंधी कारागिरांनी ती भिंतीवरच्या फरशांवर वापरली होती, टेरींनी दिवाणखान्याच्या फुलदाण्यांवर. दोन्ही ठिकाणी निदान तिच्यातून खाणं होत नव्हतं.

मी शिसं कधीच घरात आणलं नाही. रसायन शिकवलेलं असल्याने एवढी अक्कल होती. टाकणखाराच्या फ्रिटवर तो मधाळ पिवळा आणि तो हिरवा मिळवायचा हट्ट धरला. दीड वर्ष आणि २१४ चकत्या गेल्या. शेवटी खाली लोखंडाचं, वर तांब्याचं असा एक जोड जमला. हद्दीवर तीच रेघ उमटली. मी आनंदाने वेडीच झाले. चौदा वाट्या केल्या आणि एक ठेवून बाकी सगळ्या वाटल्या. त्यांतली एक डोंबिवलीच्या भाचीकडे, तिच्या बाळाच्या उष्टावणाला.

दोन महिन्यांनी एका रात्री माझ्या स्वतःच्या वाटीत लिंबाची फोड राहून गेली. सकाळी उचलली तर खाली फिक्कट चंद्रकोर. मी जागीच बसले. लिंबाने रंग उडवला, म्हणजे ग्लेझमधलं तांबं सुटून बाहेर येत होतं. दोन्ही ग्लेझं मी स्वतंत्रपणे व्हिनेगरमध्ये ठेवून तपासली होती, दोन्ही टिकली होती. पण जिथे ती एकावर एक येतात तिथे तयार होणारी काच ही ना पहिली ना दुसरी. तिच्यात गार कमी पडली होती आणि तांबं जास्त झालं होतं. आणि नेमका तो भाग, सुंदर दिसतो म्हणून, मी वाटीच्या आत घेतला होता. रंगासाठी २१४ चकत्या केल्या. त्या रेघेची आंबटात चाचणी एकदाही केली नव्हती.

भाचीला फोन लावला. ती म्हणाली, 'मावशी, अगं रोज वापरतो ती! वरणभात, ताकभात तिच्यातच. त्याला दुसरी वाटी चालतच नाही.' ताकभात हा शब्द ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. दुपारच्या गाडीने डोंबिवली गाठलं. वाटी हातात घेऊन पाहिली, आतली रेघ निस्तेज झालेली. भाचीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, फक्त बाळाला उचलून आत गेली, आणि ते मला रागापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी बाळाला डॉक्टरांना दाखवलं. त्याला काही झालेलं नव्हतं. मग मी उरलेल्या बारा घरी गेले. वाटी परत मागणं हे वाटी देण्यापेक्षा किती अवघड असतं म्हणून सांगू! एक बाई म्हणाल्या, 'दिलेलं परत घेतात होय?' एका मित्रांनी ती दिलीच नाही. त्यांच्या टेबलावर टाचण्या ठेवायला आहे. तेवढं चालेल.

त्यानंतर काही महिने भट्टी बंद होती. मधल्या काळात धारावीच्या कुंभारवाड्यात माती आणायला जायची. तिथल्या सौराष्ट्री कुंभारांच्या भट्ट्या चिंध्या आणि कापसाच्या कचऱ्यावर पेटतात. गिरण्या होत्या तेव्हा असल्या सरपणाला मुंबईत तोटा नव्हता. एका वयस्क कुंभारकाकांना मी ही हकिगत सांगितली. चाक न थांबवता ते म्हणाले, 'बेन, आपण मडकं विकायच्या आधी त्यात पाणी भरून रात्रभर ठेवतो. तुम्ही काय ठेवलं होतं?' मी म्हटलं, 'काका, फुलं.' ते हसले. मीही हसले, पण जरा उशिरा.

भट्टी पुन्हा लावण्याआधी मी माळ्यावरून आईची मोठी बरणी काढली. दोरा सोडला, विजेरी घेतली आणि पहिल्यांदाच नीट आत पाहिलं. आतून बरणी काठापासून बुडापर्यंत एकाच रंगाची होती, एकाच ग्लेझची, कुठेही जोड नाही. रेघ फक्त बाहेरून. आता माझ्या वाट्याही तशाच असतात. आत एकच पांढरं जस्ताचं ग्लेझ, लिंबात आणि व्हिनेगरमध्ये तीन-तीन दिवस ठेवलेलं. थरांचे सारे खेळ बाहेरच्या अंगाला, काठाच्या दोन बोटं खाली. डोंबिवलीला तशी एक पाठवली. भाचीने ती घेतली, आणि वापरण्याआधी स्वतः तिच्यात लिंबू पिळून रात्रभर ठेवलं. सकाळी फोन केला, 'मावशी, रंग तसाच आहे.'